नारिंगी टोपीवरचं नाव

परवा नातू आला तो नारिंगी टोपी घालून. टोपीवर मॅक्लारेन असं लिहिलेलं. मी विचारलं, "हे कुणाचं नाव रे?" तर म्हणतो, "आजोबा, नाव नाही, ती टीम आहे. फॉर्म्युला वनची." जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला असं उत्तर पचत नाही. मोटारीतलं मला फार कळतं असं नाही, पण चार दिवस त्या नावामागच्या माणसाच्या मागे लागलो. जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतो.

ब्रूस मॅक्लारेन. जन्म १९३७, न्यूझीलंडमधलं ऑकलंड. वडिलांचं गॅरेज आणि पेट्रोलपंप. नऊ वर्षांचा असताना खुब्याच्या हाडाचा आजार झाला आणि पोरगा जवळपास दोन वर्षं अंथरुणाला खिळला. उठला तेव्हा डावा पाय आखूड राहिला होता. तो लंगडतच चालायचा. पण वडिलांनी सुट्या भागांच्या अवस्थेत आणलेली जुनी ऑस्टिन सेव्हन दोघांनी मिळून उभी केली, आणि पंधराव्या वर्षी हा त्या गाडीतून स्पर्धेत उतरला.

इथे जरा थांबतो. माझ्या वर्गात पोलिओ झालेला एक मुलगा होता. खेळाच्या तासाला मी त्याला मैदानाच्या कडेला बसवून धावफलक लिहायला द्यायचो. त्याला जपतोय असंच मला वाटे. तुला काय खेळायचंय, हे मात्र मी त्याला एकदाही विचारलं नाही. असो.

१९५८ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ब्रूस इंग्लंडला गेला आणि कूपर संघात शिरला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या सेब्रिंगला शेवटच्या फेरीत पुढे असलेल्या जॅक ब्रॅबमचं पेट्रोल संपलं आणि बाविसाव्या वर्षी ब्रूसने ग्रांप्री जिंकली. ब्रॅबमने मात्र आपली गाडी ढकलत ढकलत शेवटच्या रेषेपर्यंत नेली, चौथा आला आणि जगज्जेता झाला. दोघांत मला तोच जास्त आवडला, खरं सांगायचं तर.

१९६३ मध्ये ब्रूसने स्वतःची कंपनी काढली. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या मालिकेसाठी त्याला वेगळ्या गाड्या हव्या होत्या आणि कूपरला ते मान्य नव्हतं. जोडीला टिमी मेयर नावाचा तरुण अमेरिकन चालक घेतला. पहिल्याच मोसमात, फेब्रुवारी १९६४ मध्ये, टास्मानियातल्या लाँगफर्डला सराव करताना तो गेला. ब्रूसने त्याच्यावर लिहिलं, थोड्या आयुष्यातही माणूस पुष्कळ करून जातो अशा आशयाचं. ते मोठ्या आदराने सांगितलं जातं. सत्तरी ओलांडलेल्या मला काही ते पटत नाही. पोरांनी जगावं, एवढंच मला कळतं. टिमीचा वकील भाऊ टेडी मात्र ब्रूसला सोडून गेला नाही, संघाचा कारभार बघत राहिला.

सुरुवात साधीच होती. १९६६ ला मोनॅकोत स्वतःची फॉर्म्युला वन गाडी उतरवली, ती तेलगळतीने लवकरच बंद पडली. त्याच वर्षी फोर्डच्या गाडीतून ख्रिस एमनबरोबर त्याने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, पण ती गाडी दुसऱ्याची. १९६८ मध्ये बेल्जियममध्ये पुढचा स्टुअर्ट पेट्रोल भरायला थांबला आणि ब्रूस स्वतः बांधलेल्या गाडीतून पहिला आला. गंमत म्हणजे आपण जिंकलो हे त्याला ठाऊकच नव्हतं, गाडी थांबवल्यावर दुसऱ्या कुणीतरी सांगितलं! उत्तर अमेरिकेतल्या कॅन-ॲम मालिकेत तर त्याच्या नारिंगी गाड्यांनी १९६९ च्या अकराच्या अकरा शर्यती जिंकल्या. नातवाच्या टोपीचा रंग तिथला.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. एका नव्या गाडीची चाचणी घेताना ब्रूसला दिसलं की पेट्रोलच्या टाकीवरचं झाकण सारखं उघडतंय. वारा वरून दाबतो म्हणावं, तर झाकण वर का येतं? दुसरा कुणी मेकॅनिकवर खेकसला असता. हा खाली उतरला, पत्रा कापायची कात्री आणली आणि रेडिएटरच्या मागे भोकच पाडलं. आत कोंडलेल्या हवेला वाट मिळाली आणि गाडी आणखी जोरात पळू लागली.

मालक झाल्यावरही चाचणीला तो स्वतःच बसायचा. २ जून १९७० रोजी इंग्लंडमध्ये गुडवुडला नवी कॅन-ॲम गाडी चालवत असताना भर वेगात तिचा मागचा पत्र्याचा भाग वाऱ्याने उचलला गेला. गाडी गरगरत जाऊन एका भक्कम बांधकामावर आदळली. ब्रूस बत्तीस वर्षांचा होता. घरी बायको आणि चार वर्षांची मुलगी.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी दिली होती, तरी सगळी माणसं कामावर आली. बारा दिवसांनी कॅनडात मोसमाची पहिली शर्यत होती. ब्रूसच्या जागी डॅन गर्नी बसला आणि त्याने ती जिंकली. डेनी हुल्म, ब्रूसचाच देशबांधव, तिसरा आला. त्याचे हात महिन्यापूर्वीच्या आगीत भाजलेले होते, ते अजून बरे झाले नव्हते.