चढणीवर भरलेली ट्रॉली ओढण्यासाठी ट्रॅक्टर कसा निवडावा?

मालवण, देवगड, वेंगुर्ला पट्ट्यात बाग कातळावर आणि रस्ता खाली, अशी स्थिती बऱ्याच ठिकाणी असते. शेणखत वर चढवायचे, आंबा-नारळ खाली उतरवायचे, कधी कुंपणासाठी चिरे न्यायचे. अशा वाहतुकीसाठी ट्रॅक्टर घेताना फक्त एचपी पाहू नका. ट्रॅक्टरचे वजन, पकड आणि ब्रेक यांनाही तितकेच महत्त्व आहे.

आधी वजनाचा हिशेब करा

एक चिरा ३० किलोचा धरला, तर १०० चिरे म्हणजे ३ टन. रिकामी ट्रॉली १ टन आणि ट्रॅक्टर २ टन धरल्यास एकूण वजन ६ टन होते.

- १० मीटरला १ मीटर चढ असेल, तर चढासाठी सुमारे ६०० किलो ओढ लागते.
- कच्च्या रस्त्यावर चाके फिरण्यासाठी टनामागे साधारण ५० किलो, म्हणजे आणखी ३०० किलो.
- एकूण ओढ ९०० किलो.

ताशी ६ किमी वेगाने ही ओढ देण्यासाठी चाकांवर सुमारे २० एचपी लागतात. गिअरमधील घट आणि चढावर थांबून पुन्हा निघण्याची गरज धरता ३५ ते ४० एचपीचे इंजिन पुरेसे ठरते.

खरी अडचण पकडीची

टू-व्हील ड्राइव्हमध्ये फक्त मागच्या चाकांवरील वजन कामी येते. २ टनांच्या ट्रॅक्टरचे मागे सुमारे १२०० किलो आणि दोनचाकी ट्रॉलीचा हुकावरील भार ४०० किलो, असे १६०० किलो होतात. कोरड्या घट्ट जमिनीवर त्याच्या निम्मी, म्हणजे ८०० किलो ओढ मिळते. गरज ९०० किलोची असल्याने चाके जागीच फिरतील. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये २४०० किलो कामी येतात आणि १२०० किलो ओढ मिळते.

पावसात लाल मातीवर पकड ०.३ पर्यंत खाली येते. तेव्हा फोर-व्हील ड्राइव्हलाही ७२० किलोच ओढ मिळते. म्हणून पावसाळ्यात भार निम्मा करून दोन फेऱ्या कराव्यात. मिनी ट्रॅक्टर कुणग्यात व बागेत सोयीचा असला, तरी हलका असल्याने त्याला मोठी ट्रॉली जोडू नये.

ट्रॉली आणि जोडणी

- दोनचाकी ट्रॉलीत माल एक्सलच्या किंचित पुढे ठेवावा. मागे जास्त भार गेल्यास हूक वर उचलला जातो आणि पकड कमी होते. पुढे फार जास्त झाल्यास ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग लागत नाही.
- चारचाकी ट्रॉली हुकावर जवळजवळ भार देत नाही. त्यामुळे चढावर तिच्यासाठी जड ट्रॅक्टर लागतो.
- ट्रॉली कंपनीने दिलेल्या हुकालाच जोडावी. टॉप लिंकला किंवा एक्सलच्या वर साखळी बांधून कधीही ओढू नये. ट्रॅक्टर मागे उलटतो.

उतारावर

- दोन्ही ब्रेक पेडल एकत्र लॉक करावीत.
- ज्या गिअरमध्ये चढ चढता, त्याच गिअरमध्ये उतरावे. न्यूट्रल करू नये, क्लच दाबून ठेवू नये.
- ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असलेलेच मॉडेल घ्यावे. ब्रेक नसतील, तर उतारावर ट्रॉलीचा सगळा रेटा ट्रॅक्टरवर येतो.

खरेदीपूर्वी

तुमच्या वाटेवरील सर्वांत तीव्र चढ मोजा. विक्रेत्याकडून प्रात्यक्षिक त्याच चढावर, भरलेल्या ट्रॉलीसह मागा आणि अर्ध्यावर थांबवून पुन्हा निघायला सांगा. नोंदणी व विमा ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचाही करून घ्या.