लढाई अमेरिकेत, तेजी वऱ्हाडात

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशांहून जास्त कापूस अमेरिकेतून यायचा. तो अडकला. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, तिथले कामगार उपाशी राहिले. इकडे मुंबईत आणि आमच्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचे दिवस आले.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढ्याचा. पोटापाण्यासाठी कोड लिहितो, पण पुरवठा वक्र म्हणजे काय ते मला या कापसानेच शिकवलं.

भाव चढला म्हणून ज्वारीच्या रानात पऱ्हाटी लावली, तर शेतकरी त्याच वक्रावर वर चढतो. वक्र जागचा हलतो तो भाव तोच असताना माल कमी किंवा जास्त येऊ लागला तर. कोडच्या भाषेत, भाव हा इनपुट. युद्ध, वाहतूक, बियाणं, कीड, पाऊस बदलले की फंक्शनच बदलतं.

१८६१ मध्ये अमेरिकेचा वक्र डावीकडे सरकला. वऱ्हाडाचा शेतकरी आपल्याच वक्रावर चढत होता. तेवढ्यात आमचाही वक्र सरकवणारी गोष्ट आली: रेल्वे. आधी कापूस बैलांवर, गाड्यांवर लादून मुंबईला जायचा. वाटेत धूळ, पाऊस, नासाडी. मलकापूर, शेगाव, अकोला असा रूळ टाकत रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. वाहतूक स्वस्त झाली, म्हणजे त्याच भावात जास्त माल बाजारात आणणं परवडू लागलं.

१८६५ मध्ये युद्ध संपलं. अमेरिकेचा कापूस परतणार म्हणताच भाव कोसळला, मुंबईतले बडे व्यापारी बुडाले. रूळ मात्र राहिले. १८७० मध्ये खामगावला फाटा आला, तोही कापसासाठीच.

पुढे २००२ मध्ये बीटी बियाण्याला परवानगी मिळाली. बोंडअळीचं नुकसान घटलं, वक्र उजवीकडे गेला. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भात तो पुन्हा डावीकडे ढकलला.

पण डावीकडे सरकलेला प्रत्येक वक्र भाव चढवत नाही. अमेरिकेचा वक्र सरकला तेव्हा जग हललं, कारण बाजारातला मोठा वाटा तिचा होता. मोताळा तालुक्यात बोंडं सडली तर जगाच्या बाजाराला त्याचा पत्ताही नसतो. माल गेला तो गेला, वर भावही तोच.

२०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला. पुढच्या वर्षी त्याच आशेने अनेकांनी तो घरात थोपवून धरला, आणि भाव उतरत गेला. 'यंदा माल कमी आहे, भाव वाढेल,' असं गावात कुणी म्हणालं, की एवढंच विचारावं: कमी कुणाचा? आपला, की जगाचा?