आभाळातला प्रवाह आणि होकायंत्राची सुई

शाळेतले होकायंत्र मेजावर ठेवा. त्याच्या काचेवर एक तार उत्तर-दक्षिण धरा आणि तिची टोके सेलला क्षणभर लावा. सुई आडवी वळू पाहील. सेल उलटा करा, ती दुसऱ्या बाजूला वळेल. तारेतला प्रवाह डोळ्यांना दिसत नाही, पण सुईला कळतो! डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी १८२० साली हे जगाला दाखवले.

आता गंमत पाहा. उत्तरेकडील थंड देशांत रात्री आभाळात हिरवे-तांबडे पडदे झुलतात. त्यांना ध्रुवीय प्रकाश म्हणतात. १७४१ साली स्वीडनमध्ये सेल्सियस आणि त्यांचे मेहुणे हियोर्टर यांना आढळले की, हे पडदे झळकले म्हणजे सुईही जागची ढळते. तिथे तर तार नव्हती. मग प्रवाह कुठला?

१८५९ च्या सप्टेंबरात ध्रुवीय प्रकाश फार दूरवर दिसला. त्या वेळी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकसूचीही कमालीची ढळली, आणि ती नोंद आजही शास्त्रज्ञांच्या कामी येते. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहानेही सुई ढळणार, म्हणून १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली.

प्रवाहाचे कोडे नॉर्वेच्या बर्कलंड यांनी हाती घेतले. १९०२-०३ च्या हिवाळ्यात त्यांनी ध्रुवाकडील चार ठिकाणी माणसे बसवून सुयांच्या नोंदी घेतल्या. निर्वात पेटीत चुंबकीय गोळा ठेवून त्यावर विद्युत्कण सोडले, तेव्हा गोळ्याच्या ध्रुवांभोवती प्रकाशाची कडी उमटली. त्यांचे म्हणणे असे, की सूर्याकडून आलेले विद्युत्कण पृथ्वीच्या चुंबकीय रेषांच्या वाटेने खाली उतरतात आणि परत वर जातात.

पुष्कळांना ते पटले नाही. सिडनी चॅपमन यांच्यासारखे थोर गणिती म्हणत, प्रवाह वरच्या हवेतच फिरतो. बर्कलंड १९१७ साली टोकियोत वारले. १९६६ साली एका उपग्रहावरील चुंबकमापकाच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. पुढे काही वर्षांत उलगडा झाला, की रेषांच्या वाटेने वाहणारे प्रवाह खरेच आहेत. आज त्यांना बर्कलंडचेच नाव आहे.

तेव्हा गुरुजी, एखाद्या मुलाने वेगळाच तर्क मांडला, तर त्याला हसून गप्प बसवू नका. "चल, सुईलाच विचारू," असे म्हणा.