हत्तीचा केक झाला

बोटीवर स्ट्युअर्ड म्हणून लागलो आणि पहिल्याच आठवड्यात ‘आंत्रे’ या शब्दाने माझा घात केला. फ्रेंच माणूस आंत्रे मागतो तेव्हा त्याला सुरुवातीचा पदार्थ हवा असतो, अमेरिकन मागतो तेव्हा मुख्य जेवण. मी नेमकं उलटं नेलं आणि दोघांचीही बोलणी खाल्ली.

दुसरा शब्द ‘आंत्रमे’. किचनमध्ये आंत्रमे म्हणजे थरांचा मूस केक. पण शब्दाचा अर्थ ‘दोन पदार्थांच्या मधलं’. शेवटी येणाऱ्या केकला ‘मधलं’ का म्हणायचं?

उत्तर मध्ययुगात आहे. तेव्हा मेजवानीतले पदार्थ खेपेखेपेने येत. एक खेप उचलून दुसरी लागेपर्यंत जे पुढे येई ते आंत्रमे. कधी दुधात शिजवलेली गव्हाची खीर, कधी भाजून पुन्हा पिसांत सजवलेला हंस. मग राजेरजवाड्यांत चढाओढ लागली. 1378 साली पॅरिसमध्ये फ्रान्सच्या राजा पाचव्या चार्ल्सने पवित्र रोमन सम्राटासाठी दिलेल्या मेजवानीत जेरुसलेम जिंकल्याचा देखावा झाला. दालनात चक्क जहाज आणलं होतं. 1454 मध्ये लील इथे बरगंडीच्या फिलिपने तर कळस केला. भल्यामोठ्या पायमध्ये 28 वादक बसवले, आणि हत्तीवरून ‘चर्च’ नावाची दुःखी बाई मदत मागायला आली. आदल्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडलं होतं. जिवंत फेजंट पक्ष्यापुढे सरदारांनी धर्मयुद्धाच्या शपथा घेतल्या. युद्ध काही झालं नाही.

पुढे देखावे गेले, नाव पदार्थांकडेच राहिलं आणि हळूहळू गोडाला चिकटलं. टेबलावर एका खेपेचं सगळं एकदम मांडायची फ्रेंच रीतही मागे पडली. तीत हाताजवळचं तेवढंच मिळे, तेही गार. एकामागून एक गरम ताट देण्याची रशियन रीत पॅरिसला दाखवल्याचं श्रेय 1810च्या सुमाराच्या रशियन राजदूताला, कुराकिनला देतात.

बोटीवर मासा आणि मांस यांच्यामध्ये आम्ही चमचाभर लिंबाचं सॉर्बे द्यायचो, ‘तोंड स्वच्छ व्हावं म्हणून’. पाहुणे माना डोलवायचे. मला मात्र ठाऊक असे, आत मटण अजून ओव्हनमध्येच आहे. गावच्या पंगतीत मसालेभात यायला वेळ लागला की आजोबा खड्या आवाजात श्लोक सुरू करत, तो आठवायचा. फिलिपच्या हत्तीमागेही कुठेतरी एक घामाघूम आचारी असणारच.