शिक्षकांचे आमदार परिषदेत, तिजोरीची किल्ली विधानसभेत

अधिवेशन मुंबईत असो वा नागपुरात, शिक्षक संघटनांचे आंदोलन जणू कामकाजाच्या पत्रिकेवर छापल्यासारखे ठरलेले असते. मुंबईत आझाद मैदान आणि नागपुरात यशवंत स्टेडियम ही त्यांची नेहमीची ठिकाणे. निवेदनातील दोन मागण्या तर वर्षानुवर्षे बदललेल्या नाहीत. जुनी निवृत्तिवेतन योजना पूर्ववत करावी आणि अनुदानाच्या घोषणेबरोबर अर्थसंकल्पात तेवढी रक्कमही दाखवावी, एवढेच शिक्षकांचे म्हणणे आहे. सभागृहात स्वतःचे हक्काचे प्रतिनिधी असताना शिक्षकांना रस्त्यावर का यावे लागते, याचे उत्तर राज्यघटनेच्या तरतुदींत दडलेले आहे.

घटनेच्या १७१ व्या कलमानुसार विधान परिषदेचे शक्य तितके एक द्वादशांश सदस्य शिक्षकांमधून निवडले जातात. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या परिषदेत असे सात मतदारसंघ आहेत : मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती आणि नागपूर. मात्र हा मताधिकार सरसकट सर्व शिक्षकांना नाही. माध्यमिक शाळेपेक्षा खालच्या दर्जाची नसलेली संस्था आणि मागील सहा वर्षांत किमान तीन वर्षांचे अध्यापन, ही त्याची अट. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या गुरुजींना या निवडणुकीत मतच नाही. संख्येने मोठा असलेला हा वर्ग मग स्थानिक आमदारांच्या दारी जातो किंवा मोर्चात उतरतो.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. अनुदानाच्या मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत होते. धन विधेयक परिषद जास्तीत जास्त १४ दिवस आपल्याकडे ठेवू शकते, नाकारू शकत नाही. म्हणजे शिक्षक आमदार तारांकित प्रश्न विचारू शकतात, लक्षवेधी लावू शकतात, शिष्टमंडळ घेऊन मंत्र्यांच्या दालनात जाऊ शकतात. पैशाला मात्र ते हात लावू शकत नाहीत.

वादाचे मूळ आहे १ नोव्हेंबर २००५ ही तारीख. या दिवशी वा त्यानंतर सेवेत आलेल्यांना राज्याने १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतून वगळले आणि त्यांच्यासाठी परिभाषित अंशदान योजना आणली. पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत विलीन झाली. जुन्या योजनेत कर्मचाऱ्याच्या पगारातून काही कापले जात नसे. अखेरच्या वेतनाच्या निम्मी रक्कम आणि तिच्यावर महागाई भत्ता ठरलेला असे. नव्या योजनेत मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के कपात शिक्षकाच्या पगारातून होते, शासनही आपला हिस्सा घालते. निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेपैकी किमान ४० टक्के रक्कम वार्षिकीत गुंतवावी लागते. हाती किती येईल, हे बाजार ठरवतो.

तक्रारीचा खरा सल वेगळाच होता. नव्या योजनेतील शिक्षक सेवेत असताना मरण पावला तर त्याच्या पत्नीला जुन्या नियमांप्रमाणे कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नसे. २०१८ मध्ये दहा वर्षांच्या आत मृत्यू झाल्यास १० लाख रुपये सानुग्रह अनुदान देण्याचे ठरले. शेजारच्या वर्गावर शिकवणाऱ्या, परंतु २००५ च्या आधी लागलेल्या सहकाऱ्याच्या कुटुंबाला आयुष्यभराचा आधार आणि याच्या कुटुंबाला एकरकमी मदत, ही तफावत शिक्षक कक्षात रोज डोळ्यांसमोर असे. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा इतकी का पसरली, ते यावरून कळावे.

डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी योजना लागू केल्यास १ लाख १० हजार कोटी रुपयांचा बोजा पडेल, असे सांगून ती नाकारली. राजस्थान, छत्तीसगड, पंजाब आणि हिमाचल प्रदेशात त्या सुमारास वारे उलट दिशेने वाहत होते. महिन्याभरातच, ३० जानेवारी २०२३ रोजी, शिक्षक मतदारसंघांत मतदान झाले. नागपुरात भाजप पुरस्कृत विद्यमान आमदार नागो गाणार यांचा सुधाकर अडबाले यांनी पराभव केला. निवडणुकीत पेन्शनचाच प्रश्न सर्वांत पुढे होता. कोकणात त्याच वेळी भाजपचे ज्ञानेश्वर म्हात्रे निवडून आले, हे मात्र विसरता येत नाही. शिक्षकांचे मत एकाच प्रश्नावर पडते, असे सूत्र मांडणे घाईचे ठरेल.

त्यानंतर १४ मार्च २०२३ पासून सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले. अर्थसंकल्पी अधिवेशन चालू, दहावी-बारावीच्या परीक्षाही चालू. काही शिक्षक संघटनांनी सुरुवातीलाच माघार घेतल्याने एकजुटीला तडा गेला, तरी सरकारला बोलणी करावी लागली. तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली आणि २० मार्चला संप मागे घेण्यात आला. ३१ मार्चच्या शासन निर्णयाने मृत कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना निवृत्तिवेतन आणि उपदान मान्य झाले. मार्च २०२४ मध्ये अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतनाची सुधारित योजना विधिमंडळात जाहीर झाली. कर्मचाऱ्याची कपात मात्र कायम राहिली. त्याआधी फेब्रुवारीत, २००५ पूर्वीच्या जाहिरातीवर नंतर नेमल्या गेलेल्या राज्य कर्मचाऱ्यांना जुन्या योजनेचा एकवेळचा पर्याय मिळाला होता. २००५ पूर्वीच नेमलेले, पण शाळा त्या दिवशी शंभर टक्के अनुदानावर नसलेले शिक्षक अनेक वर्षे न्यायालयांत झगडत राहिले.

अंदाजपत्रकाची बाजूही अशीच. ‘कायम विनाअनुदानित’ शाळांच्या मान्यतेतील ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला, पण २० टक्क्यांचा पहिला टप्पा यायला २०१६ उजाडले. १४ ऑक्टोबर २०२४ च्या शासन निर्णयाने आणखी २० टक्के वाढ मान्य केली. निधीची तरतूद मात्र नव्हती. परिणामी जुलै २०२५ मध्ये पावसाळी अधिवेशनाच्या काळात शिक्षकांनी आझाद मैदान गाठले, ८ व ९ तारखेला शाळा बंद ठेवल्या आणि निधी देण्याचे आश्वासन मिळवले. ज्याचा आदेश नऊ महिन्यांपूर्वी निघाला होता, त्याचे पैसे मागण्यासाठी हे करावे लागले!

२०२० मध्ये निवडून आलेल्या पुणे आणि अमरावतीच्या शिक्षक आमदारांची सहा वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची. या मतदारसंघांच्या याद्या प्रत्येक निवडणुकीआधी नव्याने तयार होतात. मागच्या वेळी नाव असले तरी शिक्षकाला नमुना १९ पुन्हा भरावा लागतो आणि सेवेचा दाखला संस्थाप्रमुखाच्या सहीचा लागतो.