सैन्यसेवेतील मातृत्व

परभणीकडच्या एखाद्या घरांतली मुलगी सैन्यांत जावयास निघाली म्हणजे वडीलधाऱ्यांचा प्रश्न ठरलेला : लग्न झाल्यावर, मूल झाल्यावर हिची प्रकृति कशी टिकणार? हा प्रश्न जुनाच आहे.

१७०० सालीं सिंहगडावर राजाराममहाराज निवर्तले, तेव्हां ताराबाई पंचविशींत होत्या, मुलगा शिवाजी अवघा चारेक वर्षांचा. पुढें सात वर्षें औरंगजेबाशीं चाललेल्या झुंजीचीं सूत्रें या मातेनें हलविलीं, आणि ती जगली १७६१ पर्यंत. पण राणीची गोष्ट निराळी. पगारी सेविकेचें काय?

सैन्यांतील शुश्रूषासेवेचा आरंभ १८८८ सालीं मुंबईस उतरलेल्या १० परिचारिकांनीं केला. जवळजवळ शतकानंतर, १९७७ च्या एका लष्करी आदेशानें, विवाह हेंच परिचारिकेस काढून टाकण्याचें कारण ठरविलें. मग बाळंतपणाच्या विश्रांतीचा प्रश्नच कोठें उरला! सिकंदराबादेस एका लेफ्टनंट परिचारिकेची नोकरी १९८८ सालीं अशीच गेली. आदेश १९९५ त रद्द झाला. तिला ६० लक्ष रुपये देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मात्र फेब्रुवारी २०२४ मध्यें लागला. मध्यें ३६ वर्षें गेलीं.

अधिकारी स्त्रियांना १८० दिवसांची भरपगारी प्रसूतिरजा, दोन अपत्यांपर्यंत, मिळत होती. साध्या स्त्रीसैनिकांना तीच सवलत देण्यास संरक्षणमंत्र्यांनीं नोव्हेंबर २०२३ मध्यें मान्यता दिली. बालसंगोपनासाठीं सबंध सेवाकालांत ३६० दिवसहि.

हे १८० दिवस कां? पहिले सहा महिने बाळानें केवळ आईच्या दुधावर राहावें, असें वैद्यकशास्त्र सांगतें. शिवाय प्रसूतींत ओटीपोटाच्या तळचे स्नायू ताणलेले असतात. ते सांवरण्यापूर्वींच पाठीवर ओझें घेऊन धांवल्यास कंबर धरते, लघवीवर ताबा राहत नाहीं. म्हणून प्रथम चालणें, मग त्या स्नायूंना आवळण्याचा व्यायाम, आणि धांवणें साधारण तीन महिन्यांनंतर. रक्तहि गेलेलें असतें. आपल्या आज्या बाळंतिणीस अळिवाची खीर देत, त्याची थट्टा करूं नये. अळिवांत लोह असतें.

रजा संपून बाई छावणींत परतली तरी अंगावरचें दूध थांबत नाहीं. तें वेळेवर न काढल्यास स्तनांत गांठी धरतात, ताप येतो. त्यासाठीं तिला कवायतीच्या मधोमध थोडा वेळ आणि दाराला कडी असलेली एक स्वच्छ खोली लागते.