पटावरचें इंग्लंड

इ. स. १७९० मध्यें जॉन वॉलिस व एलिझाबेथ न्यूबेरी या लंडनच्या प्रकाशकांनीं ‘मानवी जीवनाचा नवा खेळ’ या नांवाचा एक पट विक्रीस काढला. त्यांत ८४ घरें होतीं. बाल्यापासून वार्धक्यापर्यंतचें सारें आयुष्य त्यांत मांडलें होतें. अभ्यासू मुलाच्या घरावर येणारा झपाट्यानें पुढें जाई. मद्यप्याच्या घरावर येणारास दंड भरून पुनश्च बाल्याकडे परतावें लागे. फासे म्हणजे जुगार, अशी सभ्य कुटुंबांची भावना असल्यामुळें त्यांऐवजीं आंकडे घातलेली भिंगरी फिरवावी, अशी सूचनाहि नियमांत होती. नीतिपाठाचें बोट धरूनच खेळ दिवाणखान्यांत शिरला.

शतकभरानें, १८९२ च्या सुमारास, हिंदुस्थानांतील मोक्षपट सापशिडीच्या रूपानें तेथें पोंचला. मूळ पटावर शिड्यांहून साप अधिक असत, कारण मोक्ष दुर्लभ. इंग्रजी पटावर दोहोंची संख्या पुढें सारखी होत गेली. मोक्ष गेला, शर्यत राहिली.

यानंतर नीतीची जागा पैशानें घेतली. जमिनीची मक्तेदारी समाजास कशी नागविते हें दाखविण्यासाठीं एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन विदुषीनें १९०४ मध्यें ‘जमीनदाराचा खेळ’ याचें पेटंट मिळविलें. त्यांतूनच निघालेला ‘मोनॉपली’ १९३६ मध्यें लीड्सच्या वॉडिंग्टन कंपनीनें लंडनचे रस्ते घालून ब्रिटनमध्यें आणला. शिकवण मात्र उलटी झाली. मंदीचे चटके सोसलेला कारकून रात्रीं जेवणानंतर ४०० पौंडांना मेफेअर विकत घेऊं लागला आणि स्वतःच्याच बायकोमुलांकडून भाडें वसूल करूं लागला!

मग युद्ध आलें. रात्रीं दिवे झांकून बसण्याच्या त्या दिवसांत बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट यांना ‘क्लूडो’ सुचला. १९४४ मध्यें त्यांनीं पेटंटसाठीं अर्ज केला. परंतु युद्धोत्तर टंचाईमुळें खेळ दुकानांत येण्यास १९४९ साल उजाडलें. सहा संशयित, सहा शस्त्रें, नऊ दालनें; म्हणजे खुनाच्या ३२४ शक्यता. खऱ्या मृत्यूंच्या वार्तांनीं शिणलेल्या घरांना असा एक मृत्यु मिळाला, कीं ज्याचा उलगडा त्याच बैठकींत होई आणि ज्यासाठीं कोणास रडावें लागत नसे.

प्रत्येक पिढीनें आपणांस हवें तें पटावर मांडलें. गोडी टिकली ती मात्र एका निराळ्या कारणानें. पटाभोंवतीं वडिलांचा अधिकार चालत नाहीं. धाकट्या मुलाची पाळी तेहि हिरावून घेऊं शकत नाहींत. घरांत एरवीं दुर्मिळ असणारी समता तेथें संध्याकाळभर नांदते, आणि हरलेल्यास डाव पुन्हा मांडण्याची मुभा असते.